दोन मंगळवार

लवंगेचा वास बोटांवरून लवकर जात नाही. साबणाने तर अजिबात नाही.

सोमवारी शाळेत झेंडावंदन. मंगळवारी नाही.

पुलाखालच्या टायरवाल्याकडे दिवसभर एकच गाणं लागतं आणि अर्ध्यावर बंद होतं.

"बू, आधी पटतं की आधी समजतं?" हे दमर, वेनिंगचा विद्यार्थी, मागच्या बाकावरून; बू म्हणजे बाई. मग घंटा झाली. उत्तर राहिलं.

भिंतीवर पाल होती. चुकचुकली नाही.

शेवटच्या पानावर शेवटचा पूर्णविराम होता, आणि वेनिंगला ते सगळं पटलं.

पटलं म्हणजे कसं, तर उन्हातून आल्यावर थंड फरशीवर पाय ठेवावा तसं. विरोध करायला म्हणून ती बसली होती. शाळेतून आल्याआल्या पडवीत खुर्ची ओढून, लाल पेन्सिल नीट तासून. नगरपालिकेचा अहवाल मांडीवर होता. पासार लावास, म्हणजे जावा बेटावरच्या या गावातला जुना बाजार, बंद करावा आणि तिथे बसथांबा व्हावा. बाजारातल्या लोकांना नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा द्यावी. त्या बाजारात तिची आई बसते. तंबाखू, लवंगा आणि सिगारेट वळायचा कागद विकते. आईच्या आधी आईची आईही तेच विकत होती. मांडी घालून बसायचा कट्टा, पुढे तंबाखूच्या पाट्या, मागे खांब. वरच्या मजल्यावर डोंगराकडची म्हातारी माणसं जिने चढून तंबाखू घ्यायला येणार नाहीत, हे कुणीही सांगेल. म्हणजे हा कागद खरा ठरला तर आईचा धंदा बसला. धंद्यावाचूनची आई कशी असेल हे वेनिंगला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. आणि तरीही पेन्सिल कागदाला टेकली नाही. वाक्यं स्वच्छ होती. कुठे चढा आवाज नाही, कुणाला नावं ठेवणं नाही. बाजार ओसरतो आहे, हे अहवालाचं म्हणणं; तीन वर्षांपूर्वी मोजणी केली, यंदा पुन्हा केली, गिऱ्हाइकं निम्म्याहून कमी झाली. आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्ही मोजण्या एकाच महिन्यात, एकाच वारी, मंगळवारी, एकाच वेळी केल्या. हे शेवटचं वाक्य वाचताना तर तिने मान डोलावली होती. एखाद्या हुशार विद्यार्थ्याची वही तपासताना डोलावते तशी. मग स्वतःची मान डोलताना तिला जाणवली.

ती वाचन शिकवते. अकरावीला. गोष्टी-कविता नव्हे, लोक आपलं म्हणणं कागदावर मांडतात ते कसं वाचावं, हे. मुलं तिच्या तासाला पोलीसचौकी म्हणतात आणि तिच्या कानावर जाईल अशा बेतानेच म्हणतात. पहिल्यांदा वाचताना हात रिकामे ठेवायचे, पेन्सिलसुद्धा नको. मग शेजाऱ्याला ते म्हणणं सांगायचं, आणि असं सांगायचं की लिहिणारा तिथे असता तर म्हणाला असता, हो, मला हेच म्हणायचंय. याला महिने लागतात, कारण मुलांना दुसऱ्याचं म्हणणं आधी थोडं वेडगळ करून मग त्याला हसायला आवडतं. मोठ्यांनाही. त्यानंतर प्रत्येक वाक्याखाली हात घालून बघायचं, याला टेकू कशाचा आहे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात अवघड: हे खोटं असतं तर मला काय दिसलं असतं? ते कुणी पाहिलंय का? आवड बदलता येत नाही, सवय लावता येते, असं ती पालकसभेत सांगते. पालक हसून मान हलवतात आणि मुलगी वैद्यकीयला जाईल का ते विचारतात. इतकी वर्षं ही सवय लावता लावता तिची स्वतःचीच कधी गळून पडली? तिने मांडीवरचा अहवाल मिटला. गुळगुळीत मुखपृष्ठावर बोटाचा ठसा उमटला आणि हळूहळू नाहीसा झाला. इतकं पूर्ण, इतकं सगळीकडून शिवलेलं काही वाचायची आपल्याला लहानपणी सवयच नव्हती, असं तिच्या मनात आलं. ती वाचायला शिकली ती पुड्यांवर. आई रद्दीतली वर्तमानपत्रं घ्यायची, चौकोन फाडायची, त्यात तंबाखू बांधायची. बाजार रिकामा असला की वेनिंग कट्ट्यावर पालथी पडून ते चौकोन वाचायची. एकही लेख पुरा नसायचा. ‘म्हणूनच सरकारने’ आणि तिथे कागद फाटलेला. ‘याला तीन कारणं आहेत, पहिलं’ आणि उरलेली दोन कुणाच्यातरी कमरेच्या लुगड्यात खोचून डोंगरावर गेलेली. ती दोन कारणं काय असतील हे तिला ठरवावं लागायचं. कधी ती विचार करून करून इतकी चांगली कारणं काढायची, की मग वाटायचं, लिहिणाऱ्याला एवढं सुचलं असेल का? फाटलेल्या बाजूला काय होतं हे विचारायची खोड तिथून लागली असावी. या अहवालाला फाटलेली बाजूच नव्हती. किंवा होती, आणि ती इतकी सुबक दुमडलेली होती की दिसत नव्हती.

संध्याकाळी आई पाट्या झाकून आली, पाय धुऊन ओट्यावर बसली. सुमिराह तिचं नाव, पण बाजारात सगळे तिला बू लवंग म्हणतात. वेनिंगने अहवालात काय आहे ते सांगितलं.

"खरंच गिऱ्हाईक कमी झालंय का गं आई?"

"झालंय की."

"किती?"

"किती म्हणजे? कमी झालंय. पूर्वी मान वर करायला फुरसत नसायची."

"पूर्वी म्हणजे कधी?"

"तू तपासणी घेतीयेस का माझी? न्दुक, पोरी, धंद्यातलं माणूस कधी गिऱ्हाईक वाढलं म्हणालंय का? तुझी आजीसुद्धा कमी झालं, कमी झालं म्हणतच गेली." मग थोडं थांबून, केळीच्या पानातला गोड कसावा सोडत आई म्हणाली, "आणि त्यांनी लिहिलंय ना? छापलंय ना? मग असेल."

मग असेल. वेनिंगला त्या रात्रीच्या झोपेपेक्षा हे दोन शब्द जास्त आठवतात.

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल वर्गात नेला. कुणी लिहिलाय, कशासाठी, काही न लपवता. लारास, पहिल्या बाकावरची, चष्म्याची, उभी राहिली आणि अहवालाचं म्हणणं तिने एका दमात इतकं नेटकं मांडलं की वर्गाला तिथल्या तिथे बाजार बंद करावासा वाटला.

"टेकू?" वेनिंगने विचारलं.

"दोन मोजण्या, बू. आणि त्या सारख्या परिस्थितीत केल्यात, म्हणून टेकू घट्ट आहे."

दमर मागून म्हणाला, "बू, एक बोलू? रागावणार नसाल तर."

"रागावले तर तुझं काय बिघडतं?"

"तुमची आई तिथे बसते. तुम्हाला यात खोट हवीय. मग तुमचं वाचन आम्ही कसं धरायचं?"

त्यांच्याकडे मोठ्या माणसाला असं तोंडावर कुणी विचारत नाही. घरी विचारलं असतं तर दमरला जेवायला शेवटी बसवलं असतं. पंख्याचं एक पातं दर फेरीला खट्ट करत होतं. वेनिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि त्याच वेळी, त्या तापाच्या खाली, काहीतरी गार आणि खुशीचं हललं. हीच तर सवय. तिच्यावरच उलटली होती, पण होती.

"धरू नका," ती म्हणाली. "माझं वाचन धरूच नका. मी जे दाखवीन ते तुम्हाला दिसतं का तेवढं बघा."

"आणि काहीच नाही दिसलं तर?"

"तर आईला मी स्वतः वरच्या मजल्यावर नेऊन बसवीन."

म्हणून पुढच्या मंगळवारी, अहवालात दिलेल्या त्याच सकाळच्या वेळेला, पहिले दोन तास दुसऱ्या बाईंना देऊन ती बाजारात जाऊन उभी राहिली. लिहिणारा जिथे उभा होता तिथे उभं राहायचं, हेही ती मुलांना सांगते आणि स्वतः क्वचित करते. आणि बाजार रिकामा होता. अहवालात म्हटलं होतं तस्सा. भाजीवाल्या चारदोन, टोफूवाला, एक केस कापणारा आरशात स्वतःकडे बघत बसलेला. कट्ट्यामागून कट्टे मोकळे, झाडून ठेवलेले. आई खांबाला टेकून पेंगत होती. खरं आहे तर. अहवाल लिहिणाऱ्या बगास नावाच्या तरुण अधिकाऱ्याने इथेच उभं राहून हेच पाहिलं, आणि प्रामाणिकपणे लिहिलं. ती एका मोकळ्या कट्ट्यावर बसली. तळहात फरशीवर टेकला. फरशी गार होती, तिच्यावर कडेला कुणीतरी कधीकाळी खिळ्याने कोरलेला सोंगट्यांचा पट होता, आणि वर छपरात चिमण्या, आणि लांबून झाडूचा आवाज, आणि ही शांतता, ही तिला माहीत होती. ही मरणाऱ्या जागेची शांतता नव्हती. ही तिच्या लहानपणाची शांतता होती. याच शांततेत ती पालथी पडून अर्धे लेख वाचत असे, कारण याच दिवसांत कट्टे मोकळे असत. दुसऱ्या दिवसांत कट्ट्यावर बसायला सोडा, पाय ठेवायला जागा नसे. दुसऱ्या दिवसांत पहाटे बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांनी तिला जाग येई, आणि आई म्हणे, ऊठ, आज पोन आहे.

पोन.

ती उठून उभी राहिली. मग पुन्हा बसली. पाच दिवसांचा तो आठवडा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. जावात जन्मलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. लग्नाची तारीख त्यावर, घर बांधायची सुरुवात त्यावर, गेलेल्या माणसाचं जेवण त्यावर. आणि बाजारही त्यावरच. पासार लावासचा दिवस पोन. बैल, विळे, मडकी, पक्षी, कापड, डोंगरावरची माणसं, सगळं पोनला. बाकीचे चार दिवस बाजार विश्रांती घेतो. सात वारांचा आठवडा आणि पाचांचा, दोन्ही एकमेकांना न विचारता शेजारून चालत राहतात, आणि मंगळवार कधी पोनला गाठतो, कधी वागेला, कधी लेगीला. आजचा मंगळवार लेगीचा. मग त्यांचे? पाच आठवड्यांनी तोच मंगळवार परत येतो; यंदाच्या मोजणीची तारीख तळटीपेत होती, ती बोटांवर मागे मोजत गेली, एकदा चुकली, पुन्हा मोजली. वागे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा आख्खा बाजार पाय पसरून घोरत असतो. तीन वर्षांपूर्वीची तारीख बोटांत मावेना, ती तिने फोनमध्ये काढली. अक्षरं उमटायच्या आधीच तिच्या घशात हसू दाटून आलं होतं. मंगळवार पोन. दोन मंगळवार. एकाच वारी, एकाच वेळी, न्याय्य तुलना. जे वाक्य वाचून तिने मान डोलावली, भोक नेमकं तिथेच होतं. आणि कुणी काही लपवलं नव्हतं, तारखा छापल्या होत्या, ज्याला बघायचं त्याने बघावं! तिने चारदा वाचलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी वाचलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपला जन्म कुठल्या वारी कुठल्या पोन-वागेला झाला हे पाठ होतं. कसं झालं हे? तर असं, की कचेरीचा कागद हातात आला की माणूस कचेरीचं डोकं घालतो. पाचांचा आठवडा घरी, आजीपाशी, चुलीपाशी ठेवून येतो. लिहिणाऱ्याने ठेवला, वाचणारीनेही ठेवला. अर्ध्या डोक्याने लिहिलेलं अर्ध्या डोक्याने वाचलं, आणि दोन्ही अर्धी एकच निघाली म्हणून कागद पूर्ण वाटला. तिला वर्गातली आपली सगळी शिस्त आठवली, आणि वाटलं, यात एक सवय राहिलीच: जे घरी ठेवून आलात ते जाऊन घेऊन या.

"आई!"

आई दचकून जागी झाली. "काय गं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. काही गेलं नाही. झोप."

अहवालावरच्या सभेत, नगरपालिकेच्या सभागृहात, सगळ्यांपुढे खोके मांडलेले होते, केळीच्या पानातला भात, एक पिवळा केक, पाण्याचा कप. अध्यक्ष म्हणेपर्यंत कुणी उघडत नाही, फक्त बोटांनी कोपरे चाचपतात. अध्यक्ष पाक विंदू, म्हणजे विंदूसाहेब, जाडसर, मऊ बोलणारे, टोपी नीट करत. बाजारातली माणसं मागे, इस्त्रीच्या नक्षीदार बाटिक कपड्यांत अवघडलेली. बगास पुढे, पडद्याशेजारी. सगळ्यांनी सगळ्यांचे आभार मानले. असंच होतं, आभार मानत मानत गोष्टी मंजूर होतात. वेनिंगने हात वर केला तेव्हा आईने खालून तिची बाही ओढली.

"पाक बगास, तुमचा अहवाल मी चारदा वाचला."

"बापरे, बू. मी स्वतः दोनदाच वाचलाय."

लोक हसले. त्या हसण्यावर तिचा आवाज स्थिर झाला. तिने त्याचं म्हणणं मांडलं, पहिल्यापासून, त्याने जिथे आखडतं घेतलं होतं तिथे भर घालून, दोन मोजण्या, एक महिना, एक वार, एक वेळ. मागच्या रांगांत चुळबुळ झाली. ही कुणाच्या बाजूची?

"मी बरोबर सांगितलं?"

"बू, हे तुम्हीच लिहायला हवं होतं," बगास म्हणाला, आणि तो मनापासून म्हणत होता.

"मग एक सांगा. तो पहिला मंगळवार कोणता मंगळवार होता?"

"तळटीपेत तारीख आहे, बू."

"तारीख नको. मंगळवार कोणता?"

तो तळटीपेवर बोट ठेवून तारीख पुन्हा वाचू लागला. आणि मग मागच्या रांगेतून, मडकी विकणाऱ्या बाईच्या तोंडून, "अगं बाई!" असं निघालं.

"पोन," वेनिंग म्हणाली. "आणि यंदाचा, वागे."

मग बैलांचा एक दलाल खाकरला, आणि मग ते हसू मागून पुढे आलं, खुर्च्या हलवत, खोके पाडत, पंख्यांच्या आवाजावर चढत.

"अहो पाक, वागेला आम्ही पाय चेपून घेतो!"

"वागेला माझी कोंबडीसुद्धा अंडं देत नाही!"

"साहेबांचा जन्म कुठला, विचारा की!"

"शुक्रवार क्लिवोन," बगास उत्तरला. पटकन, न थांबता, लहानपणी आईने पाठ करून घेतलेलं उत्तर. आणि स्वतःच्या तोंडून ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"क्लिवोन! भुतांचा दिवस! तरीच!"

"माझ्या आईला हे कळलं," बगास म्हणाला, "तर ती मला घरात घेणार नाही." आणि तोही हसायला लागला, डोळे पुसत, आणि त्या हसण्याने वेनिंगला तो एकदम आवडला.

ती खाली बसली नाही. "थांबा. याने बाजार भरतो हे सिद्ध होत नाही. तो ओसरलाय हे सिद्ध झालेलं नाही, एवढंच. कदाचित ओसरलाही असेल. पोनला मोजा, मग बोलू."

"बस की गं आता," आई कुजबुजली, ती अख्ख्या सभागृहाला ऐकू गेली. "जिंकलीस ना? आता त्यांच्या बाजूने कशाला बोलतीयेस?"

पाक विंदूंनी टोपी काढली, घातली. प्रस्ताव थांबवला आहे असं सांगितलं. पोनच्या मोजणीशिवाय तो पुढे येणार नाही असंही, आणि मग घाईने, "चला, घ्या, खाऊन घ्या." खोके उघडल्याचा आवाज टाळ्यांसारखा झाला. मडकीवाली पुढे येऊन वेनिंगचे दोन्ही हात धरून नुसती हलवत राहिली. बाहेर जिन्यावर आई थांबली. लेकीकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. "ते छापलेलं होतं," ती म्हणाली. "आणि तू त्याला विचारलंस." मग तोंड फिरवून चपला शोधायला लागली, त्या तिच्या पायातच होत्या.

पोनला मोजणी झाली. वर्गातली मुलं चारी दारांना उभी, बगास स्वतः गुरांच्या बाजूला, बुटांना शेण. घंटा, धूळ, पक्ष्यांचे पिंजरे, आईच्या पुढे म्हाताऱ्यांची रांग, प्रत्येक जण चिमूटभर तंबाखू नाकाशी नेऊन डोळे मिटणारा. आकडा पहिल्या मोजणीच्या किंचित खाली भरला. किंचितच. दुपारी बगासने प्रस्ताव मागे घेतल्याचा कागद आणला आणि बाजारात कुणीतरी ढोल काढला, तो कुणी वाजवत होतं, कुणी आईला उसाचा रस पाजत होतं, आणि लारास चष्मा काढून रडत-हसत होती.

दमर तेवढा नाचत नव्हता. तो तिच्यापाशी आला.

"बू, एक बोलू?"

"बोल."

"आज मोजणी बघायलाही लोक आलेत. बाजार वाचला का ते बघायला. तेही आपण गिऱ्हाईक म्हणून मोजलेत. आणि एकच पोन मोजलाय. त्यांनी दिवस न बघता मोजलं म्हणून आपण हसलो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. आजूबाजूला इतका आवाज होता की त्याला हे ओरडून सांगावं लागलं होतं, आणि ओरडताना तो लाजलेला नव्हता. सभागृहात जे झालं ते मोठं होतं; पण हे, हे पायांच्या तळव्यांपासून वर चढत आलं, एखादी वाट आपण न चालता पुढे गेलेली दिसावी तसं. या सवयीला आता कुणी थांबवू शकत नाही, तिच्या मनात आलं, मीसुद्धा नाही.

"बरोबर आहे तुझं," तीही ओरडून म्हणाली. "मग पुढचा पोन?"

"पुढचा, आणि त्याच्या पुढचाही," दमर म्हणाला. "ढोल नसताना."

पासार लावासवर छप्पर चढलं ते वेनिंगच्या जन्माच्या आदल्या वर्षी. त्याआधी लोक उघड्यावर, चिंचेच्या सावलीत बसत, आणि सावली सरकली की पाट्या उचलून तेही सरकत; दिवस मात्र पोनचाच असे.